भाव वाढले, पण ताट कोणाचं कमी झालं?



गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथं एक वाक्य हमखास ऐकू आलं. "या हप्त्याची बचत पुढच्या हप्त्यात दोन्ही मिळून देतो जी." आधी वाटलं, कामाची घाई असेल. मग एका बैठकीत एका ताईनं खरं सांगितलं. "मॅडम, तेलाचा पिपा आणला अन् हातात काहीच नाही उरलं. लेकरायची फी भरलीच पाहिजे, सासूबाईची गोळी आणलीच पाहिजे. मंग कमी काय करू? माहं दूध बंद केलं अन् गटाची बचत थांबवली."

माहं दूध अन् गटाची बचत. भाव वाढले की आपल्या घरात नेमकं काय कापलं जातं, हे या एका वाक्यात आलं. म्हणून या अंकात आपण महागाईकडे जरा बारकाईनं पाहू. भाव का वाढतात, घर त्याला कसं तोंड देतं, त्यातलं काय बरोबर, काय अंगाशी येतं, आणि गट म्हणून आपल्या हातात काय आहे.

महागाईचा दर म्हणजे काय?

टीव्हीवर सांगतात, महागाई कमी झाली. आपण बाजारात जातो तर भाव तेच. खोटं कोण बोलतंय? दोघंही खरं बोलतात.

सरकार दर महिन्याला शेकडो वस्तूंचे भाव गोळा करतं आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतं. जुलै २०२३ मध्ये टमाटर आठवतात ना? त्या महिन्यात देशाचा महागाईचा दर ७.४४ टक्के होता आणि फक्त खाण्यापिण्याच्या वस्तूंचा ११.५१ टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा खाण्याच्या वस्तू १०.८७ टक्क्यांनी महागल्या. नंतर एका वर्षानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एकूण दर ०.२५ टक्क्यांवर आला.

आता समजा, १०० रुपयांची वस्तू एका वर्षात १११ ची झाली. पुढच्या वर्षी महागाईचा दर शून्य झाला, तरी ती वस्तू १११ लाच मिळणार. दर शून्य म्हणजे भाव वाढायचे थांबले. ते खाली आले असा त्याचा अर्थ होत नाही. आपली मजुरी मात्र तेवढ्या वेळात वाढली नसेल, तर तो खड्डा तसाच राहतो.

बांधलेल्या रकमेचंही असंच असतं. लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० रुपये घ्या. तेल १३० रुपये किलो असताना त्यात साडेअकरा किलो तेल येतं. तेल १६० झालं की सव्वानऊ किलोच्या आसपास. रक्कम तीच, पिशवी हलकी.

गावाला झळ जास्त का?

जर्मनीत एर्न्स्ट एंगेल नावाचे एक आकडेतज्ज्ञ होते. त्यांनी १८५७ मध्ये कामगारांच्या घरांचे हिशेब तपासले आणि एक गोष्ट मांडली. घर जितकं गरीब, तितका त्याच्या कमाईचा मोठा वाटा पोटावर जातो. पावणेदोनशे वर्षं होत आली, हे अजून खरं आहे.

आपल्या देशाच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत गावातल्या माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला. त्यातले १०० पैकी ४७ रुपये खाण्यावर गेले. शहरात हाच आकडा ४० च्या आत होता. म्हणून डाळ-तेल महागलं की नागपूर शहरातल्या पगारदार घराला चिमटा बसतो, आणि कुही-भिवापूरकडच्या मजुराच्या घराला चटका.

सोयाबीन स्वस्त, तेल महाग, हे कसं?

हा प्रश्न आपल्या भागात सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारायलाच पाहिजे. आपण सोयाबीन विकतो आणि सोयाबीनचंच तेल विकत आणतो.

२०२४ चा हंगाम आठवा. सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात भाव त्याच्या खाली गेले, अनेकांनी तसंच विकलं. त्याच वेळी दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं. कारण सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या तेलावरचा कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केला. शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू होता. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे तेलाचा भाव लगेच वर गेला.

मग सोयाबीन का नाही वाढलं? एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो. बाकीची ८० किलोच्या आसपास ढेप. सोयाबीनचा भाव या ढेपेवर फार अवलंबून असतो, आणि त्या वर्षी ढेपेला उठाव नव्हता. म्हणून विकताना आपण मार खाल्ला आणि घेतानाही. पुढे मे २०२५ च्या अखेरीला हा कर साडेसोळा टक्क्यांवर आणला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की भाव वाढले की बायको उधळी आहे, तिला घर चालवता येत नाही, असं घरात बोललं जातं. तेल महाग होणं इंडोनेशियाच्या पामतेलावर, युक्रेनच्या सूर्यफुलावर, दिल्लीच्या करावर ठरतं. ते तुमच्या हातच्या कढईत ठरत नाही.

भाव वाढले की घर काय करतं?

कोणतंही घर पाहा, साधारण याच वाटांनी जातं.

पहिली वाट, कमी आणणं. पावशेर भाजीऐवजी आतपाव. फोडणीत तेल कमी. तेलाच्या बाबतीत हे चांगलंच आहे. भाजी आणि डाळीच्या बाबतीत नाही.

दुसरी वाट, बदली करणं. तुरीऐवजी चणा डाळ, मसूर, बरबटी. टमाटरऐवजी चिंच किंवा कच्ची कैरी. विकतच्या भाजीऐवजी शेताच्या धुऱ्यावरचा तरोटा, अंबाडी, परसातला शेवगा. ही शहाणपणाची वाट आहे. आपल्या आजी-पणजीनं सांडगे, मुंगवड्या, वाळवलेली गवार डब्यात भरून ठेवली ती याच्यासाठीच.

तिसरी वाट, लहान पाकीट घेणं. इथं सावध राहा. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाचा भाव कंपनी सहसा वाढवत नाही, आतला माल कमी करते. आपल्याला वाटतं भाव तोच आहे. पण लहान पाकीट दर वेळी महागच पडतं असंही नाही. शाम्पूची पुडी कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून अंदाजानं घेऊ नका, वजन वाचा. पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दरही छापावा लागतो. नातवाला किंवा मुलीला वाचायला सांगा.

तेलाचं एक गणित लक्षात ठेवा. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नाही. ते साधारण ९१० ग्रॅम भरतं. एका दुकानात तेल १५० रुपये लिटर आणि दुसऱ्या दुकानात १६० रुपये किलो असेल, तर स्वस्त कोणतं? दीडशेवालं वाटतं. पण किलोवर काढलं तर ते १६५ रुपये पडतं. पिपा घेतानाही १५ किलो लिहिलंय की १५ लिटर ते पाहा. १५ लिटरच्या पिप्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर असतं.

चौथी वाट, पुढे ढकलणं. घराचं कवेलू, नवीन लुगडं, लग्नातला आहेर. हे ढकललं तर चालतं. पण बाईचं दुखणं, डोळ्याची तपासणी, मुलीची शाळा, हे ढकललं की पुढे दुप्पट खर्च होतो.

पाचवी वाट, उधारी आणि कर्ज. याबद्दल पुढे सांगतो.

सहावी वाट, जास्त काम. घरातली बाई आणखी एका शेतात निंदायला जाते. कमाई वाढते, पण तिची झोप आणि जेवण दोन्ही कमी होतं. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

कोणाच्या ताटातून गेलं?

आता मूळ मुद्दा. एकूण डाळ कमी शिजली तर वरण पातळ होतं. ते आधी घरधन्याला वाढलं जातं, मग लेकरांना, मग सासू-सासऱ्यांना. शेवटी जी बसते तिच्या वाटीत पाणी राहतं. कोणी मुद्दाम करत नाही, आपणच करतो. "मले भूकच नाही" असं म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया आधीच रिकाम्या टाकीवर चालत आहेत. त्यांच्या ताटातून काढणं म्हणजे घराचा पाया उकरणं.

म्हणून तीन गोष्टी ठरवून घ्या.

एक. डाळ कमी करायची नाही, बदलायची. ज्वारीची भाकर किंवा भात आणि सोबत कोणतीही डाळ, असं जोडीनं खाल्लं तर अंगाला चांगलं लागतं. तूर महाग असेल तर अर्धी तूर, अर्धी मसूर करा. फुटाणे, जवसाची चटणी, शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडं.

दोन. पालेभाजीसोबत लिंबू किंवा आवळा. त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं होतं, म्हणून चहा तास-दीड तास मागे-पुढे ठेवा. रक्तवाढीच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, आशाताईला विचारा.

तीन. आठवड्यातून निदान काही दिवस सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. एकत्र बसलं की कोणाच्या वाटीत काय आहे ते सगळ्यांना दिसतं. याला एक रुपयाही लागत नाही.

एका वहीचा हिशेब

आता खरंखुरं गणित करू. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या घरचे तुम्ही टाका. पाच माणसांचं घर धरा.

तेल महिन्याला ४ किलो, भाव १३० चा १६० झाला. १२० रुपये वाढले.
तूर डाळ ४ किलो, भाव १२० चा १६० झाला. १६० रुपये वाढले.
भाजी आठवड्याला २५० ची ३०० झाली. चार आठवड्यांचे २०० रुपये वाढले.

एकूण खड्डा ४८० रुपयांचा. आता तो भरायचा, पण कोणाचं ताट कमी न करता.

तेल ४ ऐवजी ३ किलो. पाच माणसांत दिवसाला माणशी २० ग्रॅम येतं, तब्येतीला ते पुरेसं आहे. १६० वाचले.
डाळ चारच किलो, पण २ किलो तूर आणि २ किलो ९० रुपयांवाली दुसरी डाळ. १४० वाचले.

झाले ३००. अजून १८० पाहिजेत. ते कुठून काढायचे?

इथं मी एका गोष्टीचं नाव घेतो, तुम्ही हसाल. खर्रा. दिवसाला २० रुपयांचा एकच खर्रा धरला, तरी महिन्याचे ६०० रुपये झाले. डाळ, तेल, भाजी या तिन्हींची महागाई मिळून ४८० आणि एकटा खर्रा ६००! तो बंद होईल तो सोन्याचा दिवस. पण नुसता दर तिसऱ्या दिवशी एक खर्रा सोडला, तरी महिन्याला २०० वाचतात आणि खड्डा भरतो. शिवाय तोंडाच्या रोगाची भीती कमी होते ते वेगळंच.

घरात हे बोलणं सोपं नाही, ठाऊक आहे. म्हणून भांडू नका, वही दाखवा. एक महिना सगळ्यांचा खर्च लिहा. तुमचा, त्यांचा, लेकरांच्या पाकिटांचा, सगळा. टोमण्यानं माणूस चिडतो. स्वतःच्या खर्चाचा आकडा समोर आला की गप्प बसून विचार करतो. काही गटांतल्या तायांनी हे करून पाहिलं आहे.

बचत थांबवायची की नाही?

नाही. थोडं थांबा, कारण सांगतो.

आठवड्याची बचत बंद केल्यानं ५० रुपये हातात राहतात. पण गटाचा निधी आटला की अडीनडीला कर्ज मिळत नाही. मग जावं लागतं बाहेर. २,००० रुपयांचं उदाहरण घ्या. सावकार महिन्याला शेकडा ५ रुपये लावतो आणि मुद्दल शेवटी मागतो. पाच महिन्यांत व्याज ५०० रुपये. गटातून शेकडा २ नं घेतलं आणि महिन्याला ४०० मुद्दल फेडत गेलं, तर व्याज ४०, ३२, २४, १६ आणि ८, म्हणजे १२० रुपये. तेही आपल्याच गटात राहतं.

सगळ्यांनाच जड जात असेल तर बैठकीत ठराव करून सहा महिन्यांसाठी बचतीची रक्कम कमी करा. पण बचतीचा वार मोडू नका. रक्कम पुन्हा वाढवता येते, मोडलेली सवय लवकर लागत नाही.

कर्जाबद्दल एकच नियम सांगतो. किराण्यासाठी एकदा कर्ज घेतलं तर ती अडचण आहे. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं तर ते लक्षण आहे. कमाई आणि खर्चाचा मेळ बसत नाही याचं लक्षण. अशा ताईला नुसतं कर्ज देऊन मोकळं होऊ नका. तिच्याजवळ बसून वही उघडा. एका हप्तेवाल्या कंपनीचं फेडायला दुसऱ्या कंपनीचं घेणं सुरू झालं असेल, तर ती गोष्ट लगेच ग्रामसंघात आणा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुकानदाराच्या खात्याचंही पाहा. उधारीवर घेतलं की भाव विचारायची आणि दुसऱ्या दुकानात जायची सोय राहत नाही. जमेल तेवढं तेल आणि डाळ तरी रोखीनं घ्या.

एकटीनं नाही, मिळून

१९७२ च्या दुष्काळात महागाई आभाळाला टेकली होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एका ठिकाणी आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. रेशनवर धान्य, तेल, रॉकेल मिळालं पाहिजे ही त्यांची मागणी होती. महागाई हा फक्त एका घरच्या चुलीचा प्रश्न नाही, हे त्यांनी सगळ्यांना दाखवलं. आज आपल्याजवळ गट आहे, ग्रामसंघ आहे, प्रभाग संघ आहे. त्यांना हे सगळं शून्यातून उभं करावं लागलं होतं.

मिळून करता येईल असं पहिलं काम म्हणजे डाळीची एकत्र खरेदी. तूर जानेवारीपासून बाजारात येते, तेव्हा भाव त्यातल्या त्यात खाली असतो. कळमन्याला जायच्या आधी गावातच पाहा, आपल्याच गटातल्या कोणाच्या घरी तूर निघाली असेल. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल आहे. त्या भावानं घेतली, तर विकणाऱ्या ताईचंही नुकसान नाही. मिलमधून एका क्विंटलला ७० ते ७५ किलो डाळ निघते. ७२ किलो धरली तर डाळ १११ रुपये किलो पडली. वर भरडाई आणि गाडीभाडं. चुनी जनावराला. आता दुकानातला भाव पाहा आणि फायदा आहे की नाही ते स्वतः ठरवा. काही महिन्यांत नसेलही, तेव्हा करू नका.

खरेदी करताना यादी आधी, पैसे आधी, माल नंतर. निदान तीन ठिकाणचे भाव लिहून आणा. पावती घ्या, वजन दोघींसमोर करा. बचतीचा पैसा ठरावाशिवाय वापरू नका. दोन-तीन महिन्यांपुरतंच घ्या, कीड लागली तर सगळा फायदा धान्यातच जातो.

दुसरं काम, हक्काचं धान्य पूर्ण घ्या. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. नव्या सुनेचं, बाळाचं नाव कार्डात घातलं नसेल तर दर महिन्याला ५ किलो सोडून देता आहात. मशीनमधून निघालेली पावती मागून घ्या. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजनात मारलं, तर ग्राहक मदतीचा नंबर १९१५.

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत आणि कर्जफेड झाल्यावर १५ मिनिटं काढा. हे चार प्रश्न प्रत्येकीला विचारा.

१. मागच्या दोन महिन्यांत घरात काय आणणं कमी केलं?
२. ते कोणाच्या ताटातून कमी झालं?
३. किराण्यासाठी कर्ज किंवा उधारी झाली का? कितवी वेळ?
४. मिळून काय घेतलं तर स्वस्त पडेल?

सचिव ताईनं उत्तरं इतिवृत्तात लिहावी आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावी. नावं लिहायची गरज नाही.

आणि ज्या ताईनं दूध बंद केलं होतं, तिच्या गटानं त्या दिवशी काय केलं ते सांगतो. आधी तिची बचत सहा महिन्यांसाठी अर्धी करायचा ठराव झाला. मग एक म्हातारी आजी तिला म्हणाली, "माय, तू पडली तं घर कोण पाहीन? दूध चालू कर आधी." ठरावाच्या वहीत हे लिहिलेलं नाही. पण त्या बैठकीतला खरा ठराव तोच होता.